पहिल्या तारखेचं ब्लेड

"दोनावर एक फुकट" अशी पिवळी पाटी रांगेच्या टोकाला दिसली आणि कंट्रोलरबाईंनी ट्रॉली तिथल्या तिथे थांबवली. आधी त्यांनी चष्मा पुसला. मग पाटीखालची बारीक अक्षरं वाचली, कारण दुकानवाल्यांची खरी गंमत बारीक अक्षरांतच असते हे त्यांना पाठ होतं. गंमत काही सापडली नाही. माल तोच होता, निळ्या पाकिटातली दाढीची महागडी ब्लेडं. या मालावर वर्षातून एकदाच ऑफर येते आणि आठवडाभरात जाते. हुकली की पुन्हा वर्षभर डोळे लावून बसायचं.

त्यांनी सहा पाकिटं उचलली. एकेक उलटं करून, पाठीमागचा पुठ्ठा शाबूत आहे ना ते पाहून ट्रॉलीत ठेवलं. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं. दुकानातला पंखा, पाव भाजल्याचा वास, मागून "काकू, जरा बाजूला होता का" म्हणणारा माणूस, सगळं एकदम ठीकठाक वाटायला लागलं. वर्षभराची कटकट मिटली होती. घरी जाऊन हे कधी एकदा सांगते असं त्यांना झालं.

ज्याला सांगायचं तो माणूस जाऊन दीड महिना झाला होता.

त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून माहीत होतं. बटाटे निवडतानाही माहीत होतं, म्हणून तर नेहमीच्या निम्मेच घेतले होते. नेमकं त्या पिवळ्या पाटीपुढे ते डोक्यातून गेलं ते गेलंच. बिलाच्या रांगेतही आठवलं नाही. पैसे कमी पडले तेव्हाही नाही. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात विजेच्या बिलाचे पैसे होते. त्या कप्प्यातले पैसे विजेशिवाय दुसऱ्या कशासाठी कधी बाहेर आले नव्हते. त्या दिवशी आले. बाईंनी ते मोजून काउंटरवर ठेवले आणि पावती नीट घडी करून पर्समध्ये टाकली.

कंट्रोलर हे नाव त्यांना नवऱ्यानं दिलेलं. तो बस डेपोत ड्रायव्हर होता. डेपोत कंट्रोलर नावाचा एक साहेब असतो. कुठली गाडी कुठल्या फेरीला सोडायची, कुणाला रजा द्यायची, कुणाला दोन वेळा राबवायचं, सगळं त्याच्या हातात. त्यानं मान हलवल्याशिवाय डेपोत पान हलत नाही. "डेपोत एक आहे आणि घरी एक," ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा. "तिथल्याला निदान रविवारची सुट्टी असते." हे ऐकून लोक हसायचे. मग शेजारीपाजारीही कंट्रोलरबाई म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं. काही लोक पाठीमागे आणखीही एक नाव घ्यायचे. तेही बाईंना ठाऊक होतं. एका ड्रायव्हरच्या पगारात दोन मुलं शिकवायची, घराचे हप्ते फेडायचे आणि कुणापुढे हात पसरायचा नाही, हे हाताची मूठ सैल सोडून होत नाही. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार?

त्यांच्या राज्यात कायदा एकच होता. नवी वस्तू निघेल ती पहिल्या तारखेलाच. कपाटाच्या वरच्या कप्प्याला घरात स्टोअर म्हणत. वर्षभर जिथे जे स्वस्त मिळेल ते आणून बाई तिथे रचून ठेवत, आणि महिन्याच्या पहिल्या सकाळी एक साबण, एक टूथपेस्ट, एक ब्लेड असं बाहेर काढून देत. मधेच संपलं तर संपलं. मग पेस्टची ट्यूब कात्रीनं मधोमध कापायची आणि आत ब्रश फिरवायचा. साबणाच्या चपट्या चकत्या एकमेकींना चिकटवायच्या. ड्रायव्हरला कसलं व्यसन नव्हतं. पण गाल नाजूक. साध्या ब्लेडनं पुरळ उठायचं, म्हणून ही निळ्या पाकिटातली चैन मंजूर झाली होती, तीही महिन्याला एक. महिनाअखेरीला तो कपाटापुढे येऊन सलाम ठोकायचा.

"कंट्रोलरसाहेब, टायर पार गुळगुळीत झालंय. स्टेपनी मिळेल काय?"

"तारीख काय आज?"

"सव्वीस."

"मग चालवा तसंच. हळू चालवा."

मुलं लहान होती तेव्हापासून हे नाटक चालू होतं. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, ड्रायव्हर निवृत्त झाला, तरी प्रयोग बंद पडला नाही. बघायला कुणी नसलं तरी तो सलाम करायचाच.

तर त्या दिवशी बाई सामान घेऊन जिना चढल्या, दार उघडलं, चपला काढल्या आणि पिशवी घेऊन थेट कपाटाशी गेल्या. स्टोअर उघडलं. मधल्या काळात दोन पहिल्या तारखा आल्या आणि गेल्या, पण कप्पा उघडलाच गेला नव्हता. बेसिनवरचा अर्धा साबण, अर्धी पेस्ट, सगळं एका माणसाला पुरत होतं. बाईंनी पहिलं पाकीट फोडलं. एकदा एका पाकिटात दोनाऐवजी एकच ब्लेड निघालं होतं, तेव्हापासून नव्या मालातलं एक पाकीट फोडून मोजायची त्यांची पद्धत होती. दोन होती. त्या पाकीट ठेवायला गेल्या तर तिथे गेल्या वर्षीचं एक पाकीट अजून शिल्लक होतं. त्यात दोन ब्लेडं. "म्हणजे वर्षाच्या वर पुरतील," असं त्यांच्या मनात आलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या हातात काय आहे ते त्यांना कळलं.

त्या स्टुलावर बसल्या. आता रडू येईल असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. आलं नाही. छातीत काहीतरी दगडासारखं होतं, पण ते दीड महिना तसंच होतं, आज काही वेगळं नव्हतं. मग दूध तापवायचं राहिलंय हे आठवलं आणि त्या उठल्या.

बेसिनवरच्या ग्लासात त्याचं रेझर उभं होतं. ते कुणी हलवलं नव्हतं. त्या शेवटच्या सकाळीही त्यानं सलाम ठोकला होता. "साहेब, आता तरी सोडा. रक्त काढतंय बघा." महिना संपायला तीन दिवस होते. "तीन दिवसांनी काय मरता का तुम्ही?" असं त्या म्हणाल्या होत्या. रोज बोलण्यात येतात असे हे शब्द. त्यानं हनुवटीवर जिथे कापलं होतं तिथे वर्तमानपत्राचा चिमूटभर तुकडा चिकटवला आणि चहा प्यायला बसला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर आले, शेजारी आले, मुलगा आला. त्या सगळ्या गर्दीत तो कागदाचा तुकडा हनुवटीवर तसाच होता, आणि तो काढावा की काढू नये हे बाईंना कळेना. शेवटी कुणीतरी दुसऱ्यानंच काढला.

तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की मुलगा जपून बोलायचा. मुलगा भला होता. सूनही भली होती. म्हणूनच त्यांना तोडून बोलता येत नसे. पेन्शन निम्मं झालं होतं आणि मुलानं सरळ सांगितलं होतं, "आई, तीन महिने बघू. तुझं तुला भागलं तर राहा इथे, मी एक शब्द बोलणार नाही. पण एकदा जरी कमी पडलं तरी मला सांगायचं, आणि मग बॅग भरायची. हे घर भाड्यानं देऊ, तू आमच्याकडे." बाईंनी मान डोलावली होती. मुलाच्या घरी त्या राहून आल्या होत्या. बाहेरच्या खोलीतला पलंग, टीव्हीचा आवाज, आणि सुनेनं मांडलेलं स्वयंपाकघर. तिथे फ्रीज उघडायला कुणी हरकत घेत नसे, पण विचारल्याशिवाय बाईंना तो उघडवत नसे. या घरात त्या कंट्रोलर होत्या. तिथे त्या पाहुण्या होणार होत्या, आणि तेही जन्मभरच्या.

त्यांना वाटलं होतं, एक माणूस म्हणजे निम्मा खर्च. बाकी कुणाला नाही तरी आपल्याला हे जमेल. आणि इथेच त्यांचं गणित फसलं. दुकानातली सगळी स्वस्ताई दोघांसाठी, चौघांसाठी असते. मोठं पाकीट स्वस्त, लहान महाग. अख्खा कोबी आणला तर निम्मा पिवळा पडतो, आणि अर्धा कुणी देत नाही. अंडी डझनाच्या भावात परवडतात, पण बारा अंडी एकटीनं खायची कधी? गॅस तेवढाच जळतो. एकट्या माणसाला अर्धा दिवा लावता येत नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी फेकून दिलं तेवढं अख्ख्या संसारात फेकलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. एकटीच, चाळिशीची, दिवसभर मशीन चालू आणि तोंडही चालू. तिचा संसार म्हणजे कंट्रोलरबाईंच्या मते सगळा पुडीपुडीचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून आज छटाक चहा, उद्या मूठभर साखर, दुकानदार म्हणेल त्या भावानं. तिनं परवा जिन्यात विचारलं होतं, "काकू, अर्धा कोबी घ्याल का माझ्यातला? वाया जातो हो." बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आहे." वर फ्रीजमध्ये त्यांचाही अर्धा कोबी सडत होता. पण वाटून घ्यायचं म्हणजे आपलं भागत नाही असं कबूल करायचं.

रविवारी मुलगा आला. बाथरूममधला दिवा गेला होता, तो बदलायला त्यानं स्टूल ओढलं. "नवा बल्ब कुठे?" म्हणत तो आधी कपाटापुढे त्यावर चढला आणि त्यानं स्टोअर उघडलं. आतली निळी पाकिटं त्यानं बोटानं मोजली.

"आई, ही ब्लेडं कधी आणलीस?"

"ऑफर होती."

"सहा पाकिटं?"

"दोनावर एक फुकट होतं."

मुलानं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. त्यानं कॉलेजपासून दाढी ठेवली होती. "ब्लेडचे पैसे वाचवणारा हा एकच माझा खरा वारस," असं त्याचा बाप म्हणायचा. "मी तर वापरत नाही, आई," तो म्हणाला.

"माहिती आहे मला."

तो खाली उतरला. फ्रीजच्या दाराला चुंबकाखाली विजेचं बिल लावलेलं होतं. त्याकडे त्यानं पाहिलं, आणि त्यानं पाहिलं हे बाईंनीही पाहिलं.

"बिल भरायचं राहिलंय?"

"मुदत आहे अजून."

"पैसे आहेत ना?"

"आहेत."

उभ्या आयुष्यात पैशाच्या बाबतीत त्या मुलाशी खोटं बोलल्या नव्हत्या. नाही म्हणजे नाही, असं तोंडावर सांगायच्या. मुलानं सहलीला पैसे मागितले तेव्हाही, सायकल मागितली तेव्हाही. मुलालाही ते आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. तो त्यांच्याजवळ बसला.

"आई, चल ना आमच्याकडे. तुला एकटीला... हे असं होतं. होणारच. कुणाचंही होईल."

"काय होतं? चुकून माल जास्त आला. दुकान परत घेतं, उद्या जाऊन देऊन येते."

"मी देऊन येतो. पावती दे."

"चूक माझी आहे. मीच जाईन."

आवाज कंट्रोलरचा होता, म्हणून त्यानं पावतीचा विषय सोडला. जाताना त्यानं दारात पैशाच्या पाकिटाला हात घातला. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाकीट परत खिशात ठेवलं आणि "फोन कर" म्हणून उतरून गेला.

सोमवारी दुकान उघडायच्या वेळीच बाई परतीच्या काउंटरवर होत्या. तिथे एक मुलगी बसली होती, केस घट्ट बांधलेली, समोर संगणक. तिनं पाकिटं तपासली, पावती तपासली.

"हे एक उघडलंय. हे नाही घेता येणार."

"मी मोजायला उघडलं. ब्लेडं आहेत तशीच आहेत."

"असतील काकू, पण फोडलेलं नाही घेत. बाकीची घेते." ती टाइप करायला लागली. "कारण काय सांगू? माल खराब होता? चुकीचा दिला?"

"नाही. माल चांगला आहे."

"मग?"

"वापरणारा माणूस वारला."

मुलीची बोटं थांबली. तिनं वर पाहिलं. बाईंचा चेहरा कोरा होता. भाव विचारावा तसं त्या बोलल्या होत्या. मुलगी थोडा वेळ पडद्यावरची यादी वरखाली करत राहिली.

"यात तसं काही नाहीये, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "'गरज नाही' असं आहे. ते टाकू?"

"टाक."

मग तिनं सांगितलं की ऑफरच्या मालाचे पैसे रोख मिळत नाहीत. फोडलेल्या पाकिटाची पूर्ण किंमत कापून बाकीची स्लिप मिळेल, आणि ती या महिन्याच्या आत इथेच खर्च करायची. बाईंनी ते ऐकून घेतलं. बारीक अक्षरं त्यांनी पाटीची वाचली होती, पावतीच्या मागची वाचली नव्हती. एरवी अशी चूक त्यांच्या हातून कधी झाली नसती. स्लिप घेऊन त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या.

स्लिपनं वीज भरता येत नाही. स्लिपचं सामान घ्यायचं तर एकटीला महिन्याचं सामान आधीच भरलेलं होतं, आणखी घेतलं तर सडणार. मुलाला फोन केला तर दहा मिनिटांत पैसे आले असते. फोन पर्समध्येच होता. बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. समोरून माणसं भरलेल्या पिशव्या घेऊन जात होती. बॅग भरायची म्हणजे नेमकं काय काय भरायचं, असा विचार त्या करायला लागल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना त्याचं काही वाटत नाहीये. कुठेही ठेवलं तरी राहू, असं वाटतंय. त्याची मात्र त्यांना भीती वाटली. दीड महिन्यात पहिल्यांदा कसली तरी भीती वाटली, आणि त्या उठल्या.

खालच्या मजल्यावर मशीन चालू होतं. शिवणवाली तोंडात टाचण्या धरून बसली होती. कंट्रोलरबाई तिच्या दारात आजवर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, म्हणून तिनं घाईघाईनं टाचण्या काढल्या.

"या ना काकू. बसा. कापडं सरकवते."

"बसत नाही. महिन्याचं सामान काय काय लागतं तुला?"

"मला? का हो?"

"मोठ्या दुकानातून मी आणून देते. तू मला रोख पैसे द्यायचे. कोपऱ्यावरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडेल, तो तुला लुटतो."

"लुटतो हे खरं," शिवणवाली हसली. "आणि तुमचं कमिशन किती, काकू?"

"कमिशन नाही." बाई जरा थांबल्या. "अर्धा कोबी."

शिवणवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अडलंय का काही?" तिनं विचारलं. ती बडबडी होती, पण आता फक्त एवढंच विचारून थांबली.

"विजेचे पैसे अडकलेत. ह्यांच्यासाठी ब्लेडं घेऊन आले मी." बाई तशाच आवाजात सांगत होत्या. "स्वस्त होती. वर्षभराची आणली. दुकानातून घरी येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की ते नाहीत."

मशीनचं चाक हलकेच फिरत होतं, ते शिवणवालीनं हातानं थांबवलं. मग ती उठली, आतल्या फळीवरून एक खाकी पँट घेऊन आली. घडी घातलेली, इस्त्री केलेली.

"काकांनी दिली होती. खालून झिजलीय, आखूड करून दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी... मग मला वर घेऊन यायचं धाडस होईना. पैसे नकोत मला काही. पण काय करू हिचं?"

ड्रायव्हरची गणवेशाची पँट. निवृत्तीनंतरही तो घरात तीच घालायचा, कापड फाटत नाही तोवर टाकायचं नाही हा वरून आलेला हुकूम होता. बाईंनी पँट हातात घेतली. खालच्या काठाला नवी शिलाई होती, बारीक, सरळ. त्यांनी कापड दोन बोटांत धरून चाचपलं. गुडघ्यावर थोडं विरलं होतं. बाकी मजबूत होतं.

"पिशव्या शिव," त्या म्हणाल्या. "दोन होतील. एक तुला, एक मला. सामान आणायला लागतीलच."

"काकू—"

"नाड्या नको लावू. बंद लाव, रुंद. खांद्याला रुततात नाहीतर."

शिवणवाली डोळे पुसत हो म्हणाली. तिला रडू आलं याचं बाईंना बरं वाटलं. कुणालातरी आलं. मग दोघींनी बसून यादी केली, म्हणजे शिवणवाली सांगत गेली आणि बाई "एवढं कशाला", "हे मोठं पाकीट घेऊ, निम्मं तुझं निम्मं माझं" असं म्हणत गेल्या. डझन अंड्यांचा प्रश्न सुटला. कोबीचाही सुटला. स्लिप दुकानात पूर्ण खर्ची पडली, शिवणवालीनं रोख पैसे दिले, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी बाईंनी विजेचं बिल भरलं. मुलाला फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं, "बिल भरलं. बल्ब छान लागतोय." "बरं," तो म्हणाला. "बरं, आई."

त्या तीन महिन्यांतले दोन असे गेले. तिसराही जाईल, असं बाईंना दिसत होतं. भागेल. माणूस नसताना संसाराचं भागतं, हे त्यांना कळलं, आणि ते कळून काही आनंद झाला नाही.

पहिल्या तारखेला त्या उठल्या, चहा ठेवला आणि स्टोअर उघडलं. एक साबण काढला. एक पेस्ट काढली. खाकी पिशवी कपाटाच्या कडीला अडकवलेली होती, ती हातानं बाजूला केली. मागच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचं पाकीट होतं, दोन ब्लेडांचं. त्याच्यापुढे ते फोडलेलं, ज्याची पूर्ण किंमत कापली गेली होती. जुनं संपल्याशिवाय नवं काढायचं नाही हा त्यांचाच नियम. बाईंनी नव्या पाकिटातलं काढलं.

बेसिनवरच्या ग्लासातलं रेझर त्यांनी उचललं. जुनं ब्लेड कसं काढायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या फक्त देत आल्या होत्या, लावायचा तो. थोडं इकडेतिकडे दाबल्यावर ते सुटलं. त्याच्या पात्यांत साबणाची पांढरी पूड आणि बारीक पिकलेले केस अडकलेले होते. ते त्यांनी धुतलं नाही. नवं ब्लेड लावलं, टक असा आवाज झाला. रेझर ग्लासात परत उभं केलं, नेहमी असायचं तसं, तोंड भिंतीकडे.

"घ्या," त्या म्हणाल्या.

आत चहा उकळत होता. त्यांनी गॅस बारीक केला आणि नव्या साबणाचं वेष्टण सोडवायला घेतलं.